अकरा नंबरची डबी

एक

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता अकरा नंबरची डबी उघडली, तर आत एकही गोळी नव्हती.

गोळ्यांची पट्टी होती, जागच्या जागी आणि सुलटी. पण तिचे चौदाच्या चौदा खळगे रिकामे होते आणि मागचा चंदेरी कागद चौदा ठिकाणी फुटलेला होता. डबीला मात्र साधा ओरखडाही नव्हता. खटका बसलेला, पुठ्ठा शाबूत, कडा कोऱ्या करकरीत. तिजोरी बंद आणि ऐवज गायब, असा सगळा मामला होता.

डबी होती औषधाची, आणि ती बनवणारी डिझायनरबाई टेबलाशी उभी राहून त्या रिकाम्या पट्टीकडे बघत होती. गेली तीन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे लागली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या अशा डबीत घालायच्या, की पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ती उघडता येऊ नये आणि पंचाहत्तरीच्या आजीला सहज उघडता यावी. ऐकायला हे सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, कारण झाकण घट्ट केलं की पहिली अडते ती आजी, आणि अडलेली आजी ते झाकण कायमचं उघडं टाकून देते.

तिने काढलेली युक्ती अशी होती: डबीच्या कडेला एका ठिकाणी अंगठ्याने दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने समोरून पट्टी ओढायची. नुसतं दाबून काही होत नाही आणि नुसतं ओढूनही नाही. लहान मुलांना जोर भरपूर असतो, पण दोन हातांनी दोन वेगळी कामं एका वेळी जमत नाहीत. आजीचं उलट असतं. तिला जोर नसतो, पण एका वेळी दोन कामं करण्यात तिचा जन्म गेलेला असतो.

शुक्रवारी एका बालवाडीत डबीची परीक्षा झाली होती. चौदा मुलं, चौदा डब्या, दहा मिनिटं. मुलांनी डब्या आपटल्या, चावल्या, त्यांच्यावर बसून पाहिलं; एकालाही उघडता आली नाही. मग डब्या एका खोक्यात भरून, वर चिकटपट्टी लावून, तिच्यावर आडवी सही ठोकून खोका बंद झाला. तो आत्ता, सगळ्यांसमोर, उघडला होता. तेरा डब्या भरलेल्या निघाल्या आणि अकरावी ही अशी.

सही ज्यांची होती ते औषध कंपनीचे दर्जा अधिकारी टेबलापलीकडे चष्मा पुसत होते. त्यांचं प्रत्येक वाक्य 'परंतु'ने सुरू व्हायचं, म्हणून कार्यशाळेत सगळे त्यांना परंतुसाहेब म्हणत. आधी कोणी काही बोललेलं असो वा नसो, त्यांचं परंतु तयार असे.

"परंतु बाई," ते म्हणाले, "डबी कोणीतरी उघडली, हे तर खरं."

त्यांनी कागद चाळला. बालवाडीतल्या मुलांना वाचता येत नसल्यामुळे प्रत्येकाच्या खुंटीवर एक चित्र होतं आणि तेच चित्र त्याच्या डबीवर चिकटवलं होतं: छत्री, ससा, घंटा, बदक. अकरा नंबरवर होडी होती. होडी म्हणजे साडेचार वर्षांची एक मुलगी, जिने गेल्या महिन्यात बालवाडीच्या फाटकाची कडी काढून अख्ख्या वर्गाला रस्त्यापर्यंत नेऊन आणलं होतं.

बुधवारी कंपनीची बैठक होती. तिथे डबी पास झाली तर पुढच्या महिन्यापासून छपाई. नापास झाली तर गोळ्यांचा जुनाच खोका चालू राहणार, जो दोन वर्षांचं पोरही उघडतं.  डिझायनरबाईला डबी हरल्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. होडीने ती खरंच उघडली असेल, तर उद्या दुसऱ्या कुठल्या घरात दुसरी होडी उघडेल, आणि तेव्हा आत खऱ्या गोळ्या असतील.

"उघडली असेल तर ही डबी करू नका, असं मीच सांगेन," ती म्हणाली. "पण कशी उघडली ते मला बुधवारच्या आत कळलं पाहिजे."

दोन

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा बदलला.

सासूबाई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या; पण त्यांची खरी कीर्ती होती ती परीक्षेच्या हॉलमधली. त्या पर्यवेक्षक म्हणून आल्या की मुलं आपणहून खिसे रिकामे करून बसत. कोणी कॉपी केली हे त्या उत्तरावरून सांगत नसत, मुलगा उत्तर लिहून झाल्यावर काय करतो त्यावरून सांगत. आता घरात परीक्षा देणारं कोणी नसल्यामुळे ती विद्या गंजत पडली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांचे सांधे धरले आणि गोळ्यांच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना, म्हणून त्या ते नुसतं वर टेकवून ठेवत. एका दुपारी तीन वर्षांच्या नातीच्या तोंडातून रक्तदाबाच्या दोन गोळ्या काढाव्या लागल्या. नात आज सहा वर्षांची आहे, धडधाकट आहे, शाळेत मारामाऱ्या करते. पण त्या दुपारबद्दल दोघी बायका अजून एकमेकींशी बोलत नाहीत. सुनेने दुसऱ्याच आठवड्यात डबीचं पहिलं चित्र काढलं, आणि तेव्हापासूनची प्रत्येक डबी सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर उघडून, नावं ठेवून परत केली होती.

"आत काय घातलं होतं? साखरेच्या गोळ्या?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. त्या घातल्या की औषध गोड असतं असं मुलांना आपणच शिकवल्यासारखं होईल. सुतारकाकांनी लाकडाच्या पांढऱ्या चकत्या केल्यात, गोळीएवढ्या."

"म्हणजे पोटात गेल्या नसणार. चौदा चकत्या कुठेतरी आहेत." सासूबाईंनी पट्टी दिव्यासमोर धरली, उलटी केली, बोटाने चाचपली. मग त्यांनी सुनेकडून सगळा शुक्रवार पुन्हा वदवून घेतला आणि मध्येच हात वर करून थांबवलं.

"हे बघ. चौदाही ठिकाणी कागद मागून, मधोमध, एका दाबात फुटलाय. कुठे नखाने ओरबाडलेलं नाही, दाताची खूण नाही. आणि नंतर ही पट्टी सुलटी करून आत सरकवली, टक् आवाज होईपर्यंत. तू आपल्या कन्येला ओळखतेस. तिने आजवर एक तरी झाकण परत लावलंय?"

सुनेला हसू आलं. नातीने उघडलेल्या वस्तू घरभर आ वासून पडलेल्या असत.

"मुलं उघडतात," सासूबाई म्हणाल्या. "बंद करत नाहीत. ही डबी बंद करणारा माणूस मोठा आहे, सूनबाई. आणि खोका सील होण्याआधी किंवा नंतर, त्याला तिच्याबरोबर एकटं राहायला वेळ मिळालाय."

डिझायनरबाईने बोटं मोजली. डब्या भरणारे सुतारकाका, परीक्षा घेणारे परंतुसाहेब, वर्गातल्या बाई. खोका शनिवार-रविवार कुठे होता, हे तिला तेव्हा आठवलं आणि ती खुर्चीत ताठ बसली.

खोका परंतुसाहेबांच्या घरी होता.

तीन

मंगळवारी सकाळी सासूबाई पर्स घेऊन, केसांना तेल लावून, सुनेच्या आधी कार्यशाळेत हजर झाल्या.

कार्यशाळा म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. पहिलीत डिझायनरबाईचं टेबल, दुसरीत सुतारकाकांचं राज्य. काका आयुष्यभर लाकडात काम करून उतारवयात पुठ्ठ्याकडे वळले होते आणि पुठ्ठ्याला अजून मनातून हलकंच समजत. त्यांच्यावर संशय आहे असं कळल्यावर ते आधी रागावले आणि मग खूष झाले, कारण त्यांच्यावर आजवर कोणी कसलाच संशय घेतला नव्हता. भरायला विसरलात का, या प्रश्नावर त्यांनी उत्तर न देता एक बरणी पुढे केली. दोनशे चकत्या केल्या होत्या. चौदा चौदाच्या चौदा पट्ट्या भरल्या की एकशे शहाण्णव. बरणीत उरल्या होत्या चार. सासूबाईंनी त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि काकांना शंभरपैकी शंभर देऊन मोकळं केलं.

परंतुसाहेब मात्र सहजासहजी हाती लागेनात. खोका घरी का नेला? कंपनीचं कोठार शनिवारी बंद असतं. घरी कोण असतं? म्हातारी आई, तिला डोळ्यांनी दिसत नाही. चिकटपट्टी कोणी लावली? त्यांनी. सही? त्यांची. खोका सोमवारपर्यंत उघडला नाही याला साक्षी कोण? इथे त्यांनी रुमाल काढला. डिझायनरबाईला वाटलं, हाच तो. गोळ्यांचा जुना खोका यांच्याच सहीने पास झालेला होता. नवी डबी म्हणजे त्या सहीवर फुली. तिने मनातल्या मनात त्यांना पकडून, शिक्षाही देऊन टाकली.

सासूबाईंनी मात्र भलताच प्रश्न विचारला. परीक्षा अकराला संपली आणि खोका अकरा दहाला सील झाला असं कागदावर आहे. दहा मिनिटं कसली लागली?

परंतुसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खाली. मग अगदी बारीक आवाजात सांगितलं, की दहा नव्हे, पंचवीस मिनिटं लागली. डब्या एका ताटात जमा करून त्यांनी वर्गातल्या खिडकीत ठेवल्या आणि ते कार्यालयात चहा प्यायला गेले. बालवाडीच्या चिमुकल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसून त्यांच्या कमरेत उसण भरली होती. परत येऊन डब्या मोजल्या; चौदा होत्या; सगळ्या बंद. मग सील केलं, आणि वेळ लिहिताना हात थोडा आखडला.

"परंतु मी बावीस वर्षांत एकही खोटी वेळ लिहिलेली नाही," ते म्हणाले. "ही पहिलीच." त्यांचे कान लाल झाले होते. डिझायनरबाईला त्यांची दया आली आणि मनात दिलेली शिक्षा तिने मागे घेतली.

म्हणजे डब्या मोजायची, सील करायची दहा मिनिटं सोडली तर पंधरा मिनिटं ताट बेवारस होतं. चोरी झाली असेल तर तेव्हाच. वर्गात त्या वेळी मोठं माणूस एकच होतं, बाई. सासूबाईंनी पर्स उचलली.

तेवढ्यात परंतुसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, 'हो, हो' म्हटलं आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा उतरला. चौकशी म्हणून त्यांनी काल बालवाडीत निरोप ठेवला होता, त्याचं हे उत्तर होतं.

"परंतु बाई," ते म्हणाले, "वर्गशिक्षिकेने होडीला विचारलं. तिने कबूल केलंय. म्हणते, मी उघडली."

चार

बालवाडीपर्यंत गाडी सून चालवत होती. सासूबाईंचं सगळं तर्कशास्त्र एका साडेचार वर्षांच्या पोरीने एका वाक्यात उडवलं होतं, आणि तीन वर्षांचं काम बुधवारी आपल्याच तोंडाने मागे घ्यायचं होतं. तिला रडू येत होतं, पण मागच्या सीटवर परंतुसाहेब होते.

मधल्या सुट्टीची वेळ होती. दारातच मुलांच्या गर्दीत बालवाडीच्या मदतनीस मावशी उभ्या होत्या, साठीच्या, आखूड आणि रुंद, कमरेला खिशांचा एप्रन. मुलं त्यांच्याभोवती बाटल्या, डबे, बुटांचे बंद पुढे करून उभी होती, आणि मावशी एकीकडे दुसऱ्या वर्गाच्या बाईंना नळ गळतोय ते सांगत होत्या. पाहुण्यांना पाहून त्या बाजूला सरल्या आणि म्हणाल्या, बाई आत आहेत, जा.

आत भिंतीवर हस्तकलेचं प्रदर्शन मांडलेलं होतं. एका रांगेत हिरवे बेडूक, प्रत्येकाला एकच डोळा. सासूबाई त्यांच्यासमोर थबकल्या. वर्गातल्या बाई ओशाळून म्हणाल्या, की चिकटवायचे डोळे मागच्या आठवड्यात मध्येच संपले, म्हणून बेडकांना वाटून दिले. मागणीपत्र गेलंय, पण डोळे अजून आलेले नाहीत. बेडकांच्या शेजारी सात घुबडं होती, जाड कागदाची, शुक्रवारची तारीख घातलेली. ती टपोऱ्या पांढऱ्या डोळ्यांनी खोलीभर रोखून बघत होती. डिझायनरबाईला ती आपल्यावरच वटारलेली वाटली.

बाईंनी सांगितलं ते असं. परीक्षा झाल्यावर लगेच हस्तकला होती. मुलं जोडीजोडीने बसली, त्या स्वतः फळ्याकडे तोंड करून घुबडांचे पंख कापत होत्या. ताटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. डबी त्यांनी शुक्रवारी हातात धरली नव्हती आणि आजही कशी उघडते ते त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या हातात एक डबी दिली. बाईंनी ती ओढली, दाबली, हलवली आणि परत केली. नाटक करत असतील तर फार सुंदर करत होत्या, असं डिझायनरबाईला वाटलं.

"आणि होडी?"

होडी आली. दोन वेण्या, एक सुटलेली. गुडघ्यावर पट्टी. तिने तिघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि परंतुसाहेबांना विचारलं, तुमची कंबर बरी झाली का. ते हो म्हणाले आणि भिंतीला टेकले.

"डबी कोणी उघडली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी."

"कधी?"

"त्यांनी घेऊन टाकली होती ना, तेव्हा मी परत घेतली. माझी होती. वर होडी होती."

"आणि उघडली?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. डिझायनरबाईने डोळे मिटले. परंतुसाहेबांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही.

सासूबाई मात्र होडीकडे बघतच नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या आणि ओठ हलवत काहीतरी मोजत होत्या. मग त्या वळल्या. त्यांचा चेहरा डिझायनरबाईने फार वर्षांत पाहिला नव्हता इतका उजळला होता.

"शाब्बास," त्या होडीला म्हणाल्या. "ही घे दुसरी डबी. तश्शीच उघडून दाखव बरं."

पाच

होडीने डबी घेतली. तिने ती दाबली नाही, ओढली नाही, चावली नाही. ती वळली आणि सरळ वर्गाबाहेर चालू लागली. मागोमाग सासूबाई, त्यांच्यामागे सून, वही धरलेले परंतुसाहेब आणि काहीच न समजलेल्या बाई.

दारात मावशी अजून तशाच उभ्या होत्या. आता त्या बालवाडीच्या शिपायाला नळाबद्दल सांगत होत्या. एका मुलाने बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, उघडली, दिली. दुसऱ्याने डबा दिला; उघडला, दिला. होडी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आल्यावर तिने डबी वर धरली.

मावशींनी ती घेतली. त्यांचा अंगठा कडेवर गेला, दुसऱ्या हाताने पट्टी ओढली, डबी उघडली आणि होडीच्या हातात परत गेली. नळाचं वाक्य कुठेही तुटलं नाही. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

"अशी," होडी म्हणाली.

 मग परंतुसाहेबांना हसू फुटलं, आणि बावीस वर्षांत ते कामाच्या वेळात किती वेळा हसले असतील ते देव जाणे, कारण ते हसताना खोकल्यासारखा आवाज येत होता. डिझायनरबाई दाराच्या पायरीवर बसली. होडी खोटं बोललीच नव्हती. तिच्या दृष्टीने मावशींपुढे धरणं, यालाच उघडणं म्हणतात. आजवर तिची प्रत्येक बाटली अशीच उघडत आली होती.

मावशी गोंधळल्या. काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं, आणि सासूबाईंनी त्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी एकेक बोट मिटलं. डबी बंद करून ठेवणारा माणूस मोठा होता, आणि त्याला रिकाम्या डब्यालाही झाकण लावून परत द्यायची सवय होती. चौदा खळगे एका दाबात फोडणाऱ्याची बोटं रोजच्या रोज अशी कामं करणारी होती. वेळ मिळाला तो साहेबांच्या चहाएवढाच. आणि डोळे संपल्यामुळे गेल्या आठवड्यात बेडूक काणे राहिले, मागवलेले डोळे अजून आले नाहीत. तर मग शुक्रवारी सात घुबडांना दोन दोन डोळे कुठून आले? सात दुणे चौदा.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. "ते होय. पोरीने डबी दिली, आत पांढऱ्या टिकल्या. घुबडं आंधळी पडली होती. मला वाटलं, पाहुण्यांनी खेळायलाच दिल्यात. पोरं तोंडात घालतील म्हणून डोळे मीच चिकटवले सगळे; बाईंना वाटलं, कपाटातले जुने सापडले. मग डबी बंद करून ताटात ठेवली. रिकामं झालं तरी झाकण लावून द्यायचं, नाहीतर आया ओरडतात."

"पण मावशी, चौकशी चालली होती तेव्हा सांगितलं का नाही?" डिझायनरबाईने विचारलं.

"मला कोणी विचारलं?"

 काल परंतुसाहेबांनी बाईंना विचारलं होतं, बाईंनी मुलांना विचारलं होतं, आणि दोघांच्या मधून दिवसभर ये-जा करणाऱ्या मावशींना चौकशीत धरावं असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सासूबाईसुद्धा खाली बघू लागल्या, कारण आत जाताना त्याही मावशींच्या बाजूनेच गेल्या होत्या.

सुतारकाकांनी भरलेल्या चकत्या घुबडांच्या तोंडावर शाबूत होत्या. मुलाने डबी उघडली नव्हती. परंतुसाहेबांनी वहीत तसं लिहिलं, खरी वेळ घातली आणि खाली दुहेरी रेघ मारली.

"परंतु आता उद्याची काळजी नको," ते म्हणाले. "पास आहे."

डिझायनरबाई अजून पायरीवरच होती. तिचं हसू ओसरलं होतं.

सहा

बुधवारच्या बैठकीत तिने सगळं जसं घडलं तसं सांगितलं. लोक पोट धरून हसले. अध्यक्षांनी घुबडांचा फोटो मागून घेतला. मग ती म्हणाली, "एकाही मुलाला डबी उघडता आली नाही. तरीही आज मंजुरी देऊ नका."

हसणं थांबलं. तिने पुढे सांगितलं, की घरात मुलाच्या हाताला औषध लागलं तर ते मूल दहा मिनिटं झटापट करत बसणार नाही. ते आई, आजी, काका, जो कोणी स्वयंपाकात किंवा फोनवर गुंतला असेल त्याच्यापुढे डबी धरेल आणि म्हणेल, उघडून दे. आणि तो उघडून देईल, न बघता, कारण दिवसभर तो तेच करत असतो. डबी सोपी केली हे बरोबर केलं. इतकी सोपी केली की मोठ्या माणसाच्या हाताला ती पाण्याच्या बाटलीहून वेगळी लागतच नाही, हे चुकलं. ही चूक बालवाडीची नव्हती, तिची होती. 

तिने तीन आठवडे मागितले. अध्यक्ष कुरकुरले, छपाईची तारीख गेली असती. तेव्हा परंतुसाहेब उठले आणि जुन्या खोक्यावर सही कोणाची आहे याची त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली. आपल्या नावावर आणखी एक तसली डबी नको, असं ते म्हणाले, आणि तीन आठवडे मिळाले.

त्याच संध्याकाळी ती बालवाडी सुटायच्या वेळी मावशींकडे गेली, सासूबाईंना घेऊन. दोघी मोठ्या बायकांनी एकमेकींचे हात पाहिले; सांधे दोघींचेही सुजलेले. डिझायनरबाईने विचारलं, की त्या दिवशी कशाने तुम्ही थांबला असता? लाल रंग केला असता तर? मावशी म्हणाल्या, मी बघतच नाही तर रंगाचं काय. आवाज केला तर? इथे कोणाला ऐकू येतंय.

"हाताला वेगळं लागलं असतं तर थांबले असते," मावशी म्हणाल्या. "पोरांच्या वस्तू सगळ्या गुळगुळीत असतात. भांडी घासताना खरकटं हाताला लागतं ना, तेव्हा आपण बघतोच की काय राहिलं ते."

अंगठा टेकतो त्या जागी सुतारकाकांनी अकरा तऱ्हा करून पाहिल्या. वाळूसारखा कागद सासूबाईंना बोचला. रेघा कोणाला जाणवल्याच नाहीत. शेवटी बारीक, गोल उंचवट्यांचा एक चौकोन ठरला, मटारच्या अर्ध्या दाण्याएवढे उंचवटे, दुखणार नाहीत पण विसरताही येणार नाहीत असे. सासूबाईंनी तो टेबलावर बसून वीस वेळा दाबला. मग डबी हातातच ठेवून त्या म्हणाल्या, "त्या दुपारी माझं झाकण उघडं राहिलं होतं, सूनबाई. मी तुला कधी म्हटलं नाही." सून म्हणाली, मला माहीत होतं आई, आणि झाकणच वाईट होतं. तीन वर्षांनी एवढंच बोलणं झालं, पण त्यानंतर दोघींना झोप चांगली लागली.

शेवटची परीक्षा तिसऱ्या सोमवारी झाली. मावशींना नवी डबी कधी दाखवली नव्हती आणि परीक्षा कधी आहे तेही सांगितलं नव्हतं. डिझायनरबाई, सासूबाई आणि परंतुसाहेब वर्गाच्या दारामागे एकावर एक डोकी काढून उभे होते. मधली सुट्टी झाली. मुलांचा गराडा पडला. मावशी बाईंना सांगत होत्या, की नळवाला आला, नळ बघितला आणि न दुरुस्त करताच गेला.

बाटली उघडली. डबा उघडला. वेणी बांधली. दुसरी बाटली उघडली. होडीने डबी वर धरली आणि म्हणाली, उघडून दे.

मावशींनी ती घेतली. अंगठा कडेवर गेला, आणि नळवाल्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

त्यांनी मान खाली घातली. डबी डोळ्यांजवळ आणली. मग होडीकडे पाहिलं.

"हे औषध आहे," त्या म्हणाल्या. "हे नाही उघडायचं."

होडीने पाय आपटला. मावशींनी टाचा उंचावून डबी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, आणि मागे उभ्या असलेल्या मुलाचा डबा हातात घेतला.